आपल्या कवितेला आपली चाल
(विहाराच्या वर्धापनदिनी गायन मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितले, की गायन मंडळाचे काम काय चालले आहे ते चार शब्दांत मांडा. आता आम्ही काही भाषणाची माणसं नाही. आम्ही म्हणजे मंडळातली चौदा जणं : आठ बाया, चार बाप्ये आणि दोन शाळकरी लेकरं. हे जे बोलतंय त्याची अर्धी हयात सूतगिरणीत तुटलेले धागे सांधण्यात गेली. बाकीचे कोणी कापूस वेचतात, कोणी टी पॉइंटवर पर्यटकांना पुस्तकं नि दगड विकतात, कोणी हॉटेलात भांडी घासतात. संगीत विद्यालयाची पायरी आमच्यापैकी एकानंही चढलेली नाही. तरी गेल्या दोन वर्षांत आम्ही आपल्याच वस्तीतल्या कवितांना आपल्याच चाली लावून त्या सगळ्यांनी मिळून गायला शिकलो. त्यात काय कमावलं ते सांगूच, पण एक मोठी चूक झाली, तीही इथे सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही.

आधी मागचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण हे काम आम्ही नव्यानं काढलेलं नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्याच विचारातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता : गण, गवळण, बतावणी, वग. जलसेकारांनी साचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. 1927 ला महाडचं पाणी पेटलं, 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच धामधुमीत नाशिककडचे भीमराव कर्डक आपला जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले. ज्या समाजाला वाचता येत नव्हतं, त्या समाजाला चळवळीची बातमी ढोलकी-तुणतुण्यावर कळत होती. एक जण कडवं म्हणायचा आणि मागची तीन-चार माणसं झील धरायची. ही झील धरणारी माणसं म्हणजेच आपलं समूहगान, बरं का. त्याला आज आपण इंग्रजीतून कोरस म्हणतो, पण आपल्याकडे झीलकरी होताच.

मग आले वामनदादा कर्डक. 15 ऑगस्ट 1922 चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. मुंबईत कामगार म्हणून राबले, मोठेपणी अक्षर शिकले आणि 1943 साली पहिलं गाणं लिहिलं. ते पहिलं गाणं एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन होतं. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि 15 मे 2004 रोजी ते गेले, तोवर महाराष्ट्रातलं असं एक गाव उरलं नव्हतं जिथे त्यांचं गाणं पोचलं नाही. अण्णा भाऊ साठेही मुंबईच्या गिरणीतले. त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांच्या सोबतीनं 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणीत साच्यांचा आवाज एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हातानं खुणा कराव्या लागतात. अशा ठिकाणून आलेल्या माणसांनी अख्ख्या महाराष्ट्राला गायला लावलं, याचा आम्हा गिरणीवाल्यांना मोठा आधार वाटतो.

2022 साली वामनदादांची जन्मशताब्दी होती. त्या वर्षी आपल्या विहारात त्यांची गाणी बसवली आणि तिथूनच हे मंडळ सुरू झालं. पहिलं वर्षभर आम्ही जुनीच गाणी म्हणत होतो. तेव्हा आपल्यातले एक वडीलधारे बाबा म्हणाले, "पोराहो, वामनदादांनी त्यांच्या काळाचं लिहिलं. तुमच्या वस्तीत काय कोणी मुकं आहे का?" बोलणं लागलं. आम्ही वस्तीत दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं, की ज्याच्याकडे कविता असेल त्यानं द्यावी. एकवीस कविता आल्या. काही वहीच्या पानावर, काही लग्नपत्रिकेच्या पाठीवर आणि एक तर नुसती तोंडी.

ती तोंडी आलेली कविता आपल्याच वस्तीतल्या एका माउलीची. तिला लिहिता येत नाही. कापूस वेचताना ती ओळीला ओळ जोडते. तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीनं ती आम्हाला वहीत उतरवून दिली. तिच्यातली दोन कडवी इथे सांगतो :

कोणी कोरला डोंगर, कोणा हाताला गं घट्टे,
नाव नाही भिंतीवरी, फक्त छिन्नीचे गं पट्टे.

माझ्या हाताला बी घट्टे, बाई येचिते कापूस,
लेकी पाटीवरलं गं, माझं नाव नको पुसू.

बंधुभगिनींनो, अजिंठ्याची लेणी आपल्या उंबऱ्यावर आहेत. 1819 साली इंग्रज शिकारी जॉन स्मिथ तिथे पोचला म्हणून जगाला ती कळली, 1983 साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मानली. 16 नंबरच्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचं नाव शिलालेखात आहे, 26 नंबरात भिक्खू बुद्धभद्रांचं आहे. दान देणाऱ्यांची नावं आहेत, ती असावीत, त्यांचे उपकारच आहेत. पण ज्यानं छिन्नी धरली त्याचं नाव शोधून सापडत नाही. अर्धवट राहिलेल्या लेण्यांत छिन्नीचे पट्टे तेवढे दिसतात. आपण तिथे शंभर वेळा गेलो असू, पण हे त्या माउलीला दिसलं, आपल्याला दिसलं नव्हतं.

आता अशी कविता हातात आल्यावर आम्ही काय केलं? 5 मे 2023 च्या बुद्ध पौर्णिमेला ती गायची ठरवली आणि वेळ कमी म्हणून वरातीत वाजणाऱ्या एका सिनेमाच्या गाण्याची चाल तिला लावून टाकली. चाल सगळ्यांना पाठ, दोन दिवसांत गाणं बसलं. कार्यक्रमात पहिलं कडवं सुरू झालं आणि मागच्या बाजूला पोरांनी शिट्ट्या मारल्या. पोरांचा दोष नव्हता. त्यांना ते मूळ गाणं आठवलं, त्यातला नाच आठवला. टाळ्या खूप पडल्या. खाली उतरल्यावर आम्ही माउलीला विचारलं, "कसं झालं माय?" ती म्हणाली, "चांगलं झालं भाऊ. पण ते माझं नव्हतं."

त्या एका वाक्यानं आम्हाला रात्रभर झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बसलो आणि नीट विचार केला. सिनेमाची चाल घेणं हे पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. जलसेकारांनी घेतली, वामनदादांनी घेतली. ज्या काळात छापलेलं पुस्तक घरात नव्हतं, त्या काळात ओळखीच्या चालीवर नवा शब्द बसवला की तो न शिकवता घरी पोचत असे. ती त्या वेळची युक्ती होती आणि ती फार कामी आली. पण उसन्या चालीच्या पोटात तिचे जुने शब्द बसलेले असतात. आपला शब्द हलका असेल तर दोघांचं जमतं. आपला शब्द जड असेल, कोणाच्या हाताच्या घट्ट्यांतून आलेला असेल, तर जुने शब्द त्याला खाऊन टाकतात. तेव्हा ठरलं, की आपल्या कवितेला आपणच चाल लावायची, मग भले सहा महिने लागोत.

ती कशी लावली ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या गावच्या मंडळांनाही उपयोग होईल. आम्ही पहिल्यांदा पेटी बंद ठेवली. माउलीला म्हणलं, तू वावरात म्हणतेस तशी म्हण. ती लाजली, मग डोळे मिटून तिनं म्हणली. ती जात्यावरच्या ओवीची चाल होती, तिच्या आईकडून आलेली. आपल्याला वाटतं, जातं गेलं तसं ओवीही गेली. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1996 साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. म्हणजे आपल्या आया-आज्यांनी बाबासाहेबांना जात्यावर बसवलं होतं, कोणी चाल लावून देण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मग आमच्या पेटीवाल्यांनी ते सूर पेटीवर शोधले. सगळे मिळून पाच सूर निघाले. कविता मोजली तर अर्ध्या ओळीत आठ अक्षरं. केहरव्याच्या मात्राही आठ. एका अक्षराला एक मात्रा दिली की ओळ आवर्तनात घरच्यासारखी बसते. सिनेमाच्या चालीत घोटाळा कुठे झाला होता तेही तेव्हा कळलं. त्या चालीत समेच्या आधीच तोंड सुटायचं, त्यामुळे "नाव नाही भिंतीवरी" या ओळीत सम यायची "भिंती"वर. ढोलकीची थाप पडायची भिंतीवर आणि "नाव" घाईत निघून जायचं. लोकांना भिंत ऐकू आली, नाव ऐकू आलं नाही. नव्या चालीत आम्ही सम "नाव" या शब्दावर धरली. एवढ्यानं गाण्याचा अर्थ जागेवर आला. चाल लावताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : या ओळीतला मालक शब्द कोणता? थाप त्याच्यावर पडली पाहिजे.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. गाताना सूर लांबवावासा वाटतो आणि नको तिथे लांबतो. "दिन" लांबवला की "दीन" होतो, दिवसाचा गरीब होतो. "सुत" लांबवला की मुलाचं सूत होतं. आमच्यासारख्या सूतगिरणीवाल्याला ते चालेल, पण ऐकणाऱ्याला चालणार नाही. म्हणून लांबवायचं ते दीर्घ अक्षरच लांबवायचं.

तिसरी गोष्ट पट्टीची. एकट्या गायकाची पट्टी त्याच्या गळ्याची. सगळ्यांनी मिळून गायचं तर तसं चालत नाही. आमच्याकडे बाप्ये काळी एकमध्ये खूश, बाया काळी चारच्या खाली उतरल्या की त्यांचा आवाज बसतो. सुरुवातीला आम्ही बायांना आमच्या पट्टीत ओढलं. त्या गात होत्या, पण कोणाला ऐकू येत नव्हत्या. मग उलट केलं. पट्टी बायांच्या सोयीची ठेवली, कडवी बायांनी म्हणायची, ध्रुपद सगळ्यांनी, आणि बाप्यांनी खालच्या सप्तकात झील धरायची. चाल पाच-सहा सुरांत ठेवली म्हणून लेकरांनाही जमली. जिला चढे सूर नाहीत अशी चाल विद्वानाला साधी वाटेल, पण सत्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांचं पोर एका वेळी गाऊ शकतील ती आमच्या मते चांगली चाल.

चौथी गोष्ट श्वासाची. सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला की गाण्याला भोक पडतं. म्हणून अर्ध्यांनी अर्ध्या ओळीला घ्यायचा, अर्ध्यांनी ओळीच्या शेवटी. गिरणीत एक पाळी जाते नि दुसरी येते, साचा चालूच राहतो, तसं.

आता इथे एक शंका आली, आणि ती आलीच पाहिजे होती. आपल्यातल्या काही ज्येष्ठ उपासकांनी विचारलं, की अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचं शील आहे. मग विहारात ढोलकी कशी? काही जण रागानंही बोलले. आम्ही त्यांना उलट उत्तर दिलं नाही. भन्तेजींकडे गेलो, जमेल तसं वाचलं.

अंगुत्तर निकायात एक सुत्त आहे. धम्म लांबट गायकी सुरात म्हणण्यात पाच दोष आहेत असं भगवंतांनी तिथे सांगितलं आहे. म्हणणारा आपल्याच आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारे आवाजावर लुब्ध होतात, लोक म्हणतात हे तर आमच्यासारखेच गातात, चित्ताची एकाग्रता मोडते आणि पुढची पिढी तेच उचलते. हे वाचून आमचे कान उघडले. दुसरीकडे दीघ निकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. राजगृहाजवळच्या इंद्रशाल गुहेत भगवंत बसले असता पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन गायला. भगवंतांनी त्याला रागावलं नाही. तुझ्या तारांचा आवाज गाण्याला आणि गाणं तारांना जुळून येतं, कोणी कोणावर चढत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आणि सोण भिक्खूला तर साधनेचं वर्म वीणेवरूनच समजावलं : तार फार ताणली तरी नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही.

तिसरी गोष्ट आपण सगळे जाणतो पण तिकडे लक्ष देत नाही. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे अर्हत जमले. आनंदांनी सुत्तं सांगितली, उपालींनी विनय सांगितला आणि सगळ्यांनी मिळून त्याचं पठण केलं. त्या सभेला नाव काय? संगीति. मिळून म्हणणे. पुढे श्रीलंकेत ग्रंथ लिहून होईपर्यंत काही शतकं धम्म माणसांच्या एकत्र आवाजावर जगला. एकट्याची आठवण चुकते, पण शंभरांनी मिळून म्हणताना एक चुकला तर नव्व्याण्णव त्याला सावरतात. थेरीगाथा पाहा, त्या भिक्खुणींनी आपलं दुःख आणि आपली मुक्ती आपल्या तोंडानं सांगितली. लेणी नंबर एकमध्ये महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आहे, बासरी वाजवणाऱ्या बाया आहेत. ज्या भिक्खूंच्या निवासात ते काढलं गेलं, त्यांनी ते पुसलं नाही.

यावरून सर्वांच्या संमतीनं तोडगा निघाला. त्रिशरण, पंचशील, वंदना यांना आम्ही कधी चाल लावणार नाही. ती साधीच, सगळ्यांच्या एका सुरात. गाण्याचा कार्यक्रम वंदनेनंतर आणि विहाराच्या बाहेर पटांगणात. ज्यांनी त्या दिवशी अष्टशील घेतलं असेल त्यांना कोणी आग्रह करायचा नाही. आणि पंचशिखाचा नियम आम्ही मंडळाचा नियम केला : वाद्य शब्दावर चढता कामा नये. डीजेच्या भिंतीबद्दल आम्ही वेगळं भाषण करणार नाही, या एका नियमातच ते आलं. 14 एप्रिलला छातीत धडधडेल एवढा आवाज होतो आणि बाबासाहेबांनी काय सांगितलं ते एकालाही ऐकू येत नाही. तरुणांनो, तुमचा उत्साह आम्हाला हवा आहे. तो ढोलकीला द्या, हलगीला द्या, गळ्याला द्या.

बाया पुढे उभ्या राहण्यावरूनही कुरबूर झाली. जुन्या जलशांत बायांची पात्रंसुद्धा पुरुषच करत, हे खरं आहे. पण आमचं मंडळ आठ बायांच्या गळ्यावर उभं आहे आणि कविता बाईची आहे. ज्या बाबासाहेबांनी बायांच्या हक्काच्या हिंदू कोड बिलासाठी 1951 साली मंत्रिपद सोडलं, त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात बाईनं मागं उभं राहायचं हे आम्हाला पटलं नाही. त्या पुढे उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी पदर सावरण्यातच निम्मा वेळ गेला, पुढे सवय झाली.

असं करत करत 23 मे 2024 ची बुद्ध पौर्णिमा आली. वर्षभराची तालीम होती. वंदना झाली, लोक पटांगणात बसले. पेटीनं नुसता सूर धरला, ढोलकी पहिल्या कडव्यात नव्हतीच. आठ बायांनी पहिली ओळ म्हणली आणि पटांगण एकदम शांत झालं. गेल्या वर्षी ज्या बाजूनं शिट्ट्या आल्या होत्या, तिथल्याच पोरांनी तिसऱ्या कडव्यापासून झील धरली. शेवटी सगळं पटांगण गात होतं. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्याला पदर होता. आमच्या मनात आलं, जमलं.

आणि तिथेच आम्ही चुकलो. सूत्रसंचालन आमच्यातलाच एक जण करत होता. त्यानं पेटीवाल्याचं नाव घेतलं, ढोलकीवाल्याचं घेतलं, गाणाऱ्या सगळ्या जणींची नावं घेतली, मंडप देणाऱ्याचे आभार मानले, वीज देणाऱ्याचे मानले. जिनं कविता केली तिचं नाव कोणीच घेतलं नाही. चौदा माणसं स्टेजवर होतो, एकाच्याही लक्षात आलं नाही. ज्या गाण्यात ती सांगते की माझं नाव पुसू नको, ते गाणं गाऊन आम्ही तिचंच नाव पुसलं.

ती काही बोलली नाही. दोन दिवस तालमीला आली नाही, आम्हाला वाटलं कामाला गेली असेल. तिसऱ्या दिवशी तिची मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "काका, हे गाणं तुमच्या वहीत मी लिहून दिलं होतं. त्याच्या खाली आईचं नाव मीच लिहायचं विसरले होते. आता लिहू का?" लेकरानं दोष स्वतःवर घेतला. आम्ही सगळी मोठी माणसं खाली माना घालून उभी. त्या मुलीनं सावकाश, एकेक अक्षर काढत आईचं पूर्ण नाव लिहिलं.

आम्ही संध्याकाळी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कशाची भाऊ, गाणं चाललं हे लई झालं." पण तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता, ते आम्हाला समजलं. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "डोंगर कोरणाऱ्याला कोणी विचारलं नाही. तुम्ही तर मला ओळखता." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

शाहिरांनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची रीत का ठेवली ते आम्हाला त्या दिवशी कळलं. वामनदादा शेवटच्या कडव्यात "वामन" टाकतात. आम्हाला आजवर ती नुसती पद्धत वाटायची. पण गाणारे बदलतात, चाल बदलते, कॅसेट गेली नि मोबाईल आला, सूत्रसंचालक विसरतो. नाव गाण्यातच विणलेलं असलं की कोणाला काढता येत नाही, गाणाऱ्यालाच ते म्हणावं लागतं. आम्ही माउलीला विनंती केली की शेवटचं कडवं तुझ्या नावाचं कर. तिनं आठ दिवस घेतले आणि केलं. आज तुम्ही ते ऐकणार आहात. तिनं एक अट घातली, की माझ्या नावाचं भाषण करू नका, गाण्याखाली नाव टाका. म्हणून या भाषणात आम्ही तिचं नाव घेतलेलं नाही. याच स्मरणिकेत पूर्ण गाणं छापलं आहे, त्याखाली तिचं नाव आहे. तिच्या मुलीनं मुद्रितं तपासली आहेत.

यातून मंडळानं तीन नियम केले, ते समितीनं मान्य केले. पहिला, गाणं सुरू होण्याआधी कवीचं नाव घ्यायचं, नंतर नाही, कारण नंतर टाळ्यांत ते बुडतं. दुसरा, चाल लावून झाल्यावर ती पहिल्यांदा कवीला एकट्याला ऐकवायची आणि त्यानं "माझं आहे" म्हटल्याशिवाय स्टेजवर न्यायची नाही. तिसरा, विहारात एक वही ठेवायची. त्यात कविता, कवीचं नाव, चाल कोणी लावली, पट्टी, ताल आणि पहिल्यांदा कधी गायली ती तारीख, एवढं लिहायचं. वही ठेवली आहे. एकवीसपैकी आजवर सहाच कवितांना चाली लागल्या. पंधरा बाकी आहेत.

माता-भगिनींनो, तुमच्या घरात आजी असेल तर आज घरी गेल्यावर तिला एक ओवी म्हणायला सांगा. ती म्हणेल, मला काही येत नाही. दोनदा सांगा, तिसऱ्यांदा ती म्हणेल. मोबाईलमध्ये भरून घ्या आणि वहीसाठी आमच्याकडे आणा, पण येताना तिचं नाव आठवणीनं सांगा. तरुणांनो, ज्याच्या हाताला ढोलकीची सवय आहे त्यानं रविवारी सायंकाळी तालमीला यावं. आमच्या पेटीवाल्यांचं वय झालंय, त्यांच्याकडून शिकून घ्यायला दोघं-तिघं हवेत. वर्गणी आम्ही मागत नाही. पेटीचा भाता फाटला होता तो दुरुस्त झाला आहे.

समितीनं दिलेला वेळ संपला. आता पुढे आठ बाया उभ्या राहतील, मागे आम्ही झील धरू. ध्रुपद सोपं आहे, दोनदा ऐकलं की येतं. तिसऱ्यांदा तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं. आणि सुरू करण्याआधी नाव घ्यायचं आहे. ते आम्ही घेणार नाही. तिची लेक इथे बसलेली आहे, ती उठून घेईल.

जय भीम! नमो बुद्धाय!